आठी कुणाच्या कपाळावर?

परकी भाषा शिकणाऱ्या माणसाला मोठे शब्द फारसे छळत नाहीत. मोठा शब्द शब्दकोशात सापडतो. त्याचा अर्थ एकदा वहीत उतरवून घेतला की तो आपला होतो. छळतात ते लहान शब्द. आमच्यासारखे जे मराठी माध्यमातून शिकले आणि इंग्रजीची मुळाक्षरे ज्यांनी पाचवीत गिरवली, त्यांना याचा चांगलाच अनुभव आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आम्हांला वाक्ये जुळवायला शिकवले. परंतु 'अप', 'डाउन', 'ऑन', 'आउट' ही एवढीएवढीशी अव्यये क्रियापदाच्या शेपटीला चिकटून त्याचा अर्थ पार कसा फिरवून टाकतात, याचा थांग कित्येक वर्षे लागला नाही. 'लुक' म्हणजे पाहणे, येथपर्यंत ठीक. पण 'लुक आफ्टर' म्हणजे मागे पाहणे नव्हे, तर सांभाळणे. 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे. आणि 'लुक अप टू' म्हणजे मनात आदर बाळगणे. पाहणारे डोळे तेच, पण शेजारच्या दोन अक्षरांनी माणसाला पायरीवर चढवले किंवा उतरवले. इंग्रजी व्याकरणात अशा जोडक्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' असे नाव आहे.

अर्थात आपली मराठीही या बाबतीत साधीभोळी नाही. 'बोलला' आणि 'बोलून बसला', 'दिले' आणि 'देऊन टाकले' यांतला फरक परक्या माणसाला समजावून सांगू लागलो, तर आपलीच तारांबळ उडते. १५७९ साली गोव्यात पाऊल ठेवलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट धर्मगुरूंनी आपल्या भाषेच्या अशा किती खाचाखोचा सोसल्या असतील, कोण जाणे! त्या सोसून त्यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापून निघाले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी त्यांनी आमच्या भाषेसाठी एवढे कष्ट घेतले. तेव्हा आम्ही त्यांच्या भाषेतल्या एखाद्या क्रियापदाशी चार दिवस झटापट केली, तर तक्रार करण्याचे कारण नाही.

या लेखाचा विषय असेच एक क्रियापद आहे: 'फ्राउन अपॉन'. त्यातला 'फ्राउन' सोपा. कपाळाला आठ्या घालणे, भुवया आक्रसणे. 'अपॉन' जोडले की त्या आठ्या एखाद्या गोष्टीवर रोखल्या जातात, आणि अर्थ होतो नापसंती दर्शविणे. या शब्दाचे मूळ शोधू गेल्यावर मला गंमत वाटली. तो जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला आणि तेथे त्याचा संबंध कपाळाशी नसून नाकाशी होता. नाक मुरडणे, नाकाने फुरफुरणे, असा काहीसा त्याचा अर्थ. आणि त्याही मागे जाणारे अभ्यासक त्याचे नाते नाकपुडीच्या एका प्राचीन शब्दाशी जोडतात. म्हणजे आपण जे 'नाक मुरडणे' म्हणतो, तेच तिकडे प्रवासात कपाळावर चढले. नापसंतीच्या बाबतीत जगभरच्या माणसांचे चेहरे सारखेच असावेत. आपल्याकडे तर या एका भावनेसाठी अख्खा चेहरा कामाला लावलेला आहे. नाक मुरडतात, तोंड वाकडे करतात, डोळे वटारतात, भुवया उंचावतात, कपाळाला आठ्या घालतात.

मात्र मराठी वाक्यात एक सोय नाही, किंवा असे म्हणू या की, एक पळवाट नाही. 'नाक मुरडले' म्हटले की लगेच प्रश्न येतो, कोणी? शेजारणीने, सासूने, मामाने? नाक हे कुणाच्या तरी चेहऱ्यावरच असावे लागते. इंग्रजीत मात्र हे क्रियापद बहुधा कर्मणी प्रयोगात येते: 'इट इज फ्राउन्ड अपॉन'. अमुक गोष्टीवर आठ्या घातल्या जातात. कोण घालते, ते सांगण्याची गरज नाही. कर्ता गाळला तरी वाक्य पूर्ण, व्याकरण शुद्ध. आठी आहे, पण कपाळ नाही.

हे क्रियापद मला पुस्तकातून नव्हे, तर घरात घडलेल्या एका प्रसंगातून कळले. २०११ सालच्या पावसाळ्यात माझी आत्या वारली. आमच्या वसईच्या कितीतरी मुलींप्रमाणे तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले, मुंबईच्या एका रुग्णालयात पस्तीस वर्षे सेवा केली, लग्न केले नाही, आणि निवृत्तीनंतर ती गावी येऊन राहिली. रोज पहाटे मिस्सा, दुपारी आजाऱ्यांच्या घरी फेरी, संध्याकाळी ओट्यावर रोझरी, असा तिचा क्रम. तिच्या श्रद्धेविषयी गावात कुणाला कधी शंका आली नाही. तिच्या कपाटात, प्रार्थनेच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेला एक कागद मिळाला. त्यावर तिच्या गोलसर अक्षरात लिहिले होते की, माझी मिस्सा देवळात नेहमीप्रमाणे व्हावी. त्यानंतर माझ्या देहाचे दहन करावे आणि रक्षा आईच्या कबरीत पुरावी.

या इच्छेमागचे कारण तिने कागदावर लिहिले नव्हते. पण ते आम्हांला ठाऊक होते. माझी आजी ऐन जुलैत वारली होती. आमच्या किनारपट्टीत दोन-तीन हात खणले की पावसाळ्यात पाणी लागते. कबरीत पाणी साचत होते आणि चार जण बालद्यांनी ते उपसत होते. उपसा थांबवून पेटी खाली सोडली, तेव्हा ती क्षणभर तरंगली. तो क्षण आत्या आयुष्यभर विसरली नाही. आईला पाण्यात ठेवून आलो, असे ती म्हणायची. शिवाय कुटुंबाची कबर एकच. ठरावीक वर्षे लोटली की ती पुन्हा उघडायची, आधीच्या माणसाच्या अस्थी बाजूला करायच्या आणि नव्याला जागा द्यायची. रुग्णालयात उभा जन्म काढलेल्या आत्याला आपल्यासाठी कुणाला हलवावे लागू नये, असे वाटत होते. तिच्या मागणीत एवढेच होते.

प्रमुख धर्मगुरूंकडे कागद नेला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि शांतपणे सांगितले की, ख्रिस्तसभेची याला मनाई नाही. दफनाची प्रथा ख्रिस्तसभेला अधिक प्रिय आहे, ती पाळावी अशी तिची कळकळीची शिफारस आहे. पण ख्रिस्ती शिकवणुकीला विरोध म्हणून दहन निवडलेले नसेल, तर ते निषिद्ध नाही. "तुम्ही घरच्यांनी मिळून ठरवा. माझ्याकडून अडचण नाही," असे म्हणून त्यांनी कागद परत दिला.

आम्ही घरी आलो आणि खरी अडचण तेथे सुरू झाली. ओट्यावर बारा-पंधरा माणसे बसली होती. पहिले वाक्य कोणी उच्चारले, ते आज आठवत नाही. "फादरांनी हो म्हटलं, ते खरं, पण ते बरं दिसत नाही." मग प्रत्येकाच्या तोंडून तेच वाक्य थोड्याफार फरकाने फिरू लागले. आपल्यात चालत नाही. लोक काय म्हणतील? माझं काही नाही, पण गावाला पटायचं नाही. त्याच वेळी कॅनडात वाढलेला माझ्या चुलतभावाचा मुलगा दूरध्वनीवर विचारत होता की, आजीच्या इच्छेप्रमाणे करायला हरकत काय आहे? माझी मुलगी त्या वेळी कनिष्ठ महाविद्यालयात होती. ती त्याला ओट्यावरची सारी चर्चा इंग्रजीतून सांगत होती. तिने ती एका वाक्यात आटोपली. मनाई नाही, 'बट इट्स फ्राउन्ड अपॉन'.

दूरध्वनी ठेवल्यावर मी तिला बाजूला घेऊन विचारले, "बाळ, ते शेवटी काय म्हणालीस?"

"पप्पा, म्हणजे कायद्यानं बंदी नाही, पण आठ्या घालतात."

"कोण घालतं?"

ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "ते त्या वाक्यात सांगावं लागत नाही."

मी व्याकरण शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. कर्ता अध्याहृत असला, तर तो शोधून काढायचा, हे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. तेव्हा त्या संध्याकाळी मी कर्ता शोधायला निघालो. एकेकाजवळ जाऊन बसलो आणि हळूच विचारले, "तुम्हांला स्वतःला आवडत नाही का?" काकी म्हणाल्या, "माझं काही नाही रे, पण तुझ्या मामांना आवडायचं नाही." मामा म्हणाले, "मी कोण बोलणार? पण संघटनेतल्या बायका कुजबुजतील." संघटनेतल्या दोघी तेथेच होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हांला काय! तिची इच्छा होती. पण जुन्या माणसांना दुःख होईल." एका घरातून दुसऱ्या घराकडे बोट, दुसऱ्यातून तिसऱ्याकडे. अंगणभर आठ्या पसरल्या होत्या, पण त्या मिरवणारे एकही कपाळ हाती लागेना.

शेवटी आमच्या थोरल्या काकांकडे गेलो. आत्याचे ते वडील बंधू. वय ऐंशीच्या पुढचे. ते दिवसभर एक शब्द बोलले नव्हते. मी विचारताच ते म्हणाले, "होय, मला आवडत नाही. दुसऱ्या कुणाचं नाव कशाला घेऊ? माझ्याच कपाळावर आठी आहे."

मी विचारले, "का, काका?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आई, बाबा, तुझे वडील, सगळे तिथं आहेत. मीही आज ना उद्या जाणार. ही तेवढी एकटी कुठं तरी धुरात जाईल. मृतांच्या दिवशी मेणबत्ती लावायची, तर कुठं लावायची?"

मग लक्षात आले की, त्यांना तो कागद कुणी पूर्ण वाचून दाखवलाच नव्हता. 'दहन' या शब्दापाशी सर्वांचा आवाज खाली गेला होता. मी चष्मा लावून शेवटची ओळ वाचली. रक्षा आईच्या कबरीत पुरावी. काकांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचायला सांगितली. "म्हणजे आईजवळच येणार?" "होय, काका." ते उठले, आत गेले आणि टोपी घालून बाहेर आले. सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिनं लिहिलंय तसं करा. कुणाला काही बोलायचं असेल, त्यानं माझ्याशी बोलावं."

त्यांच्याशी बोलायला कुणी आले नाही. दुसऱ्या दिवशी देवळात मिस्सा झाली, देवळाच्या दारापासून शवगाडीपर्यंत गाव चालत आले, मुंबईतील एका विद्युतदाहिनीत दहन झाले, आणि सातव्या दिवशी फादरांनी प्रार्थना करून रक्षेची लहानशी पेटी आजीच्या कबरीत ठेवली. त्या दिवशीही पाऊस होता. परंतु त्या एवढ्याशा पेटीला हातभर खड्डा पुरला आणि पाणी उपसावे लागले नाही.

या प्रसंगानंतर त्या इंग्रजी क्रियापदाने माझा पिच्छा सोडला नाही. मनाई आणि आठी यांत नेमका भेद कोणता, हे पाहावे म्हणून मी दहनाच्या नियमाचा इतिहास वाचून काढला. त्यातून मला जे उमगले ते असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात दहनाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळ्या निघाल्या. १८७६ साली इटलीतील मिलान येथे दाहिनी उभी राहिली. या चळवळीतील काही लोक दहनाकडे ख्रिस्ती विश्वासाला, विशेषतः मृतांच्या पुनरुत्थानाला, आव्हान म्हणून पाहत होते. म्हणून १८८६ साली रोमने कॅथलिकांना त्यापासून परावृत्त केले. १९१७च्या धर्मसंहितेने ती मनाई अधिक कडक केली. आपल्या देहाचे दहन करावे असे सांगून ठेवणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधीही नाकारला जाई. कारण स्पष्ट होते, मनाई करणारा अधिकारी स्पष्ट होता, तारीखही स्पष्ट होती.

अग्नीने पुनरुत्थान अडते, असे मात्र ख्रिस्तसभेने कधीच मानले नव्हते. फ्रान्समधील रूआँ शहरात १४३१ साली संत जोन ऑफ आर्क हिला जिवंत जाळण्यात आले आणि तिची रक्षा सेन नदीत फेकून देण्यात आली. १९१७ची संहिता अमलात असतानाच, १९२० साली, ख्रिस्तसभेने तिला संतपद बहाल केले. ज्या परमेश्वराने मातीतून माणूस घडवला, त्याला राखेचे वावडे असण्याचे कारण नाही. आक्षेप अग्नीला नव्हता. अग्नी निवडण्यामागच्या हेतूला होता. तो हेतू बदललेला दिसला, तेव्हा नियमही बदलला. १९६३ साली रोमने मनाई उठवली आणि १९८३च्या नव्या धर्मसंहितेत ती मुभा कायम झाली. २०१६ साली रोमने आणखी एक मार्गदर्शन दिले की, रक्षा घरात ठेवू नये, वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नये. ती दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी, म्हणजे मृत माणूस समाजाच्या प्रार्थनेतून निसटणार नाही. काकांची मेणबत्ती कुठे लावायची, हा प्रश्न त्या दस्तऐवजाच्या पाच वर्षे आधीच आमच्या ओट्यावर विचारला गेला होता.

मुद्दा हा की, नियमाला कर्ता असतो. तो कुणीतरी केलेला असतो, त्याला कारण दिलेले असते, आणि म्हणून कारण संपले की तो मागेही घेता येतो. १९६३ साली मनाई उठली, तेव्हा आत्या तरुण परिचारिका होती. ती वारली, तेव्हा मनाई उठून अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. आणि तरीही आमच्या ओट्यावर आठी शाबूत होती. कारण आठी कुणी जारी केलेली नसते, तेव्हा ती मागे कोण घेणार? तिच्यावर अपील करायचे तर कुणाकडे? नियम मोडणाऱ्याला निदान आपण कोणाच्या विरोधात उभे आहोत, हे माहीत असते. आठ्यांच्या विरोधात उभा राहणारा माणूस धुक्याशी झुंजत असतो.

इंग्रजी भाषेलाच यासाठी बोल लावता येत नाही. त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी 'इट इज फ्राउन्ड अपॉन' याचे नेमके मराठी काय, याचा विचार करीत होतो. 'नाक मुरडणे' चालत नव्हते. त्याला नाकवाला लागतो. आणि एकाएकी ध्यानात आले की, भाषांतर तर दिवसभर माझ्या कानांवर पडत होते. 'ते बरं दिसत नाही.' कोणाला दिसत नाही? ते या वाक्यातही सांगावे लागत नाही. इंग्रजांनी कर्मणी प्रयोगाने जे साधले, ते आपण 'दिसणे' या एका निरुपद्रवी क्रियापदाने साधले आहे. पाहणारा डोळा गाळून टाकला आणि उरले नुसते दिसणे.

शुभवर्तमानात अशा बिननावाच्या आठ्या पानोपानी भेटतात. येशू जकातदारांच्या पंक्तीला बसतो, तेव्हा कुरकुर होते. तो जक्कयाच्या घरी उतरतो, तेव्हा पाहणारे सगळेच कुरकुरतात. संत लूक तेथे एकाचेही नाव देत नाही. जक्कय उंबराच्या झाडावर चढलेला असतो, त्यामुळे येशूला त्याच्याकडे मान वर करून पाहावे लागते. गाव ज्याच्याकडे खाली पाहत होते, त्याच्याकडे प्रभूने वर पाहिले. त्या दोन इंग्रजी जोडक्रियापदांमधला सगळा फरक या एका दृश्यात आहे.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो लूकच्या सातव्या अध्यायातला प्रसंग. एका परुश्याने येशूला जेवायला बोलावले आहे. गावात बदनाम असलेली एक स्त्री येते, आसवांनी येशूचे पाय भिजवते, केसांनी पुसते, सुगंधी तेल लावते. यजमान एक शब्दही बोलत नाही. तो मनातल्या मनात नाराज होतो. आठी पडते, आवाज नाही. लूकने तोवर त्याचे नाव आपल्याला सांगितलेले नाही. तो नुसता एक परुशी आहे, जमातीतला एक चेहरा. त्याचे नाव आपल्याला प्रथम कळते ते येशूच्या तोंडून. येशू त्याला नावाने हाक मारतो, शिमोन म्हणतो, मला तुझ्याशी काही बोलायचे आहे असे सांगतो, आणि दोन ऋणकोंची गोष्ट ऐकवून त्याचेच मत विचारतो. येशू त्याच्या आठीवर रागावत नाही; तिला मालक मिळवून देतो. परुशांच्या गर्दीतून शिमोन नावाचा एक माणूस वेगळा होतो, आणि माणूस वेगळा झाला की त्याच्याशी बोलता येते. थोरल्या काकांच्या बाबतीत मी डोळ्यांनी पाहिले ते हेच. ज्या क्षणी त्यांनी आठी आपली म्हणून मान्य केली, त्या क्षणी तिच्यामागचे दुःख बाहेर आले, आणि त्या दुःखावर कागदाच्या शेवटच्या ओळीत उत्तर तयार होते.

येथे कुणी विचारील, मग समाजाने आठ्या घालूच नयेत काय? मला तसे म्हणायचे नाही. आठ्यांनी अनेक गोष्टी सावरल्या आहेत. कर्ज काढून केलेले लग्न, मांडवात वाहणारी दारू, सुनेच्या माहेराहून आलेल्या वस्तूंची मोजदाद, म्हाताऱ्या आईला महिनावारीने वाटून घेणारे मुलगे, यांवर कुणीच आठी घालत नसेल, तर ते गाव नव्हे, नुसती वस्ती. प्रत्येक गोष्टीला कायदा पुरा पडत नाही; तेथे शेजाऱ्याची नापसंती उपयोगी पडते. माझे म्हणणे एवढेच की, जी नापसंती योग्य आहे, तिला आपली सही करायला भीती वाटू नये. 'बरं दिसत नाही' ऐवजी 'मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो,' असे म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येते, आणि कधी त्याचे ऐकताही येते. ज्या आठीवर सही करायला कुणीच पुढे येत नाही, ती बहुधा आठी नसून नुसती सवय असते.

ती सवय किती पोकळ असू शकते, हे २०२० साली दिसले. त्या वर्षी ३० मार्चला मुंबई महानगरपालिकेने परिपत्रक काढले की, करोनाने मृत झालेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे. आणि त्याच दिवशी दुरुस्ती करून मोठ्या दफनभूमीत दफनाला मुभा दिली. जुलै महिन्यात केरळमधील आलप्पुळा धर्मप्रांताने आपण होऊन ठरवले की, करोनाने गेलेल्यांचे दहन चर्चच्या दफनभूमीतच करायचे आणि रक्षा तेथेच पुरायची. त्याचे एक कारण असे की, तेथील जमिनीत थोडे खणले की पाणी लागते आणि खोल कबर घेता येत नाही. ते वाचताना मला आमच्या आजीची पेटी आठवली. अशा काळात, ज्या घरांना आपल्या माणसाचा चेहराही पाहता आला नाही, त्यांना दहन बरे दिसते की नाही, हे विचारायला कुणी गेले नाही. ज्या आठ्यांपुढे एका श्रद्धाळू परिचारिकेची शेवटची इच्छा अडून बसली होती, त्या आठ्या भीतीच्या एका लाटेत विरून गेल्या. भीतीने त्या जाऊ शकतात, तर प्रेमाने का जाऊ नयेत?

आपली मुले आता पहिलीपासून इंग्रजी शिकतात. 'लुक डाउन ऑन', 'फ्राउन अपॉन' ही क्रियापदे त्यांच्या जिभेवर आपसूक बसली आहेत. त्यांना आमच्यासारखी झटापट करावी लागत नाही. परंतु सहज आलेल्या शब्दाकडे थांबून पाहिले जात नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना व्याकरणाचा एक छोटा धडा जरूर द्यावा. दहनाचा प्रश्न असो, दुसऱ्या धर्मातल्या जावयाचा असो, विधवेने पुन्हा लग्न करण्याचा असो की नैराश्यावर उपचार घेणाऱ्या तरुणाचा असो, जेव्हा जेव्हा 'ते बरं दिसत नाही' हे वाक्य घरात उच्चारले जाईल, तेव्हा एकाने तरी आवाज न चढवता विचारावे, "कोणाला?" उत्तरादाखल एखादे नाव पुढे आले, तर त्या माणसाजवळ जाऊन बसावे आणि त्याचे म्हणणे शेवटच्या ओळीपर्यंत ऐकावे. नाव पुढे आलेच नाही, तर वाक्य तेथेच सोडून द्यावे आणि जे करणे योग्य आहे, ते करायला उठावे.